दर पावसाळ्यानंतर हेराल्डचं स्टीअरिंग जड होतंय? रॅकमध्ये ग्रीस मारण्याआधी हे बघा

गणपती उठले की आमच्या हेराल्डचं स्टीअरिंग जड व्हायचं. एकदा नव्हे, सलग तीन वर्षं. बेळगावात टिळकवाडीला दुसऱ्या रेल्वे गेटपाशी गाडी थांबली, गेट वर गेलं आणि वळवायची म्हटली की दोन्ही हातांनी, पार खांद्यातून जोर काढावा लागायचा. वळण संपल्यावर चाक आपसूक सरळ यायला हवं, तेही यायचं नाही. आपणच ओढून आणायचं. गाडी वडिलांची, १९६९ ची स्टँडर्ड हेराल्ड मार्क थ्री, चार दारांची. अप्पांच्या हातात ती एका बोटानं फिरायची ही घरातल्या सगळ्यांची आठवण, त्यामुळे "तुलाच चालवायला येत नाही" हेही ऐकून झालं.

दर वेळी उपाय एकच व्हायचा. गाडी गॅरेजला न्यायची, मेकॅनिक पुढून जॅक लावणार, ग्रीस गन घेऊन खालून एक फेरी मारणार आणि हात पुसत सांगणार, "रॅकमधलं ग्रीस संपलं होतं बघा." रॅक म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा. गाडी खरंच हलकी व्हायची. दोन आठवडे, फार तर तीन. दिवाळीचा आकाशकंदील लावेपर्यंत पुन्हा जड. मग आणखी ग्रीस. तिसऱ्या वर्षी मी वैतागून स्वतःच उघडून बसलो, तेव्हा कळलं की मूळ दुखणं रॅकमध्ये नव्हतंच. रॅकमध्ये जे दुखणं होतं, ते आम्हीच ग्रीस मारमारून तयार केलेलं होतं.

ज्यांच्याकडे हेराल्ड आहे त्यांना हे जसंच्या तसं लागू पडेल. अॅम्बेसेडरवाल्यांना थोडं, कारण रॅक अँड पिनियन (पिनियन म्हणजे रॅक सरकवणारं छोटं दातेरी चक्र) तिलाही आहे. फियाट-पद्मिनीवाल्यांनी तपासणीची पद्धत तेवढी घ्यावी. त्यांच्याकडे रॅक नाही, स्टीअरिंग बॉक्स आहे, त्याचं दुखणं वेगळं.

आमची चूक कुठं झाली ते आधी सांगतो. ग्रीस मारलं की गाडी हलकी होते, म्हणजे रॅक कोरडा पडत होता, असं मी धरून चाललो होतो. पण मेकॅनिक गन घेऊन फक्त रॅकपाशी थांबत नव्हता. निप्पल दिसेल तिथं दोन दणके देऊन पुढं, असा त्याचा खाक्या. रॅक, दोन्हीकडचे ट्रनियन (पुढच्या चाकाच्या खालचा पितळी सांधा), सगळ्यांना एकाच डब्यातलं एपी थ्री नावाचं घट्ट ग्रीस. गाडी हलकी झाली ती यातल्या कशानं, हे ना त्यानं पाहिलं ना मी.

आणि हेराल्डची गंमत अशी की तिच्या रॅकला ग्रीस लागतं, पण त्याच स्टीअरिंगचा भाग असलेल्या ट्रनियनला ग्रीस चालत नाही. त्याला ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. मॉरिस मायनर आणि जुन्या एमजीच्या रॅकचं नेमकं उलट आहे: तिथं रॅकमध्येच ९० नंबरचं तेल घालतात, आणि ग्रीस भरलं तर पिनियन त्या ग्रीसमध्ये आपल्यापुरती वाट कोरून घेते आणि नंतर कोरडी फिरत राहते. म्हणून "जुन्या इंग्लिश गाडीच्या रॅकला हे घाला" असं कुणी सरसकट सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आपल्या गाडीचं पुस्तक काढून बघा. आमच्या गाडीचं पुस्तक माळ्यावर, पंचांगाच्या गठ्ठ्यात सापडलं.

आधी दोष कुठं आहे ते शोधा

रॅक उघडायच्या आधी अर्धा दिवस या कामाला द्या. सामान फार लागत नाही. जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) किंवा भक्कम लाकडी ठोकळे, पाने, कॉटर पिन काढायला पक्कड, दोन हातोड्या आणि थोडा नेलपेंट. घोड्या म्हणजे घोड्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही. चेसिसखाली टेकू द्या, चाकं लोंबती राहू द्या.

त्याही आधी टायरची हवा बघा. लाज वाटते सांगायला, पण पहिल्या वर्षी पुढच्या चाकात हवा कमी होती आणि ते मी तपासलं नव्हतं. हवा कमी असली किंवा मूळच्या अरुंद टायरऐवजी रुंद रेडियल टायर टाकले असले, तर उभ्या गाडीत स्टीअरिंग जड लागणारच. तो दोष नव्हे.

हवा बरोबर असेल तर पुढची दोन्ही चाकं उचला आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. हवेत असूनही जड वाटलं तर कुठंतरी अडकतंय. हवेत हलकं आणि जमिनीवर जड असेल तरी लगेच सुटलो म्हणू नका. ट्रनियनवर गाडीचं वजन आल्यावरच तो धरायला लागतो, लोंबत्या चाकात तो साधुपणाचा आव आणतो. आमच्या उजव्या बाजूचं असंच होतं.

आता भाग एकेक करून वेगळे करायचे. दोन्हीकडच्या टाय रॉड एंडची (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाची) कॉटर पिन काढा, नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे राहू द्या. स्टीअरिंग आर्मच्या ज्या डोळ्यात टाय रॉडचा निमुळता खिळा बसतो, त्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडी टेकवून धरा आणि समोरच्या बाजूनं दुसऱ्या हातोडीनं एक सणसणीत ठोका द्या. खिळा टक्कन सुटतो. वरून नटावर ठोकत बसाल तर आटे मरतील, खिळा तिथंच राहील. एंड रॉडवरून फिरवून काढायचा नाही. काढावाच लागला तर आधी लॉकनटची जागा नेलपेंटनं रंगवून ठेवा आणि किती फेऱ्यांत निघाला ते मोजा, नाहीतर अलाइनमेंटची वाट.

टाय रॉड सुटले की स्टीअरिंग फिरवून बघा. आता हाताला लागतोय तो फक्त रॅक आणि कॉलम (स्टीअरिंगपासून खाली येणारा दांडा). आणि चाक हातात धरून डावी-उजवीकडे ढकललं की लागतोय तो फक्त ट्रनियन आणि वरचा बॉल जॉइंट. रॅकच जड निघाला तर कॉलम आणि पिनियन यांच्यामधल्या रबरी कपलिंगचा बोल्ट काढून नुसता कॉलमही फिरवून बघता येतो.

आमच्या गाडीत काय निघालं? कॉलम लोण्यासारखा. रॅक मधोमध ठीक, पण दोन्ही टोकांना जाताना अंगात आल्यासारखा घट्ट होणारा. डावं चाक बरं. उजवं चाक मात्र ढकललं की कर्र असा आवाज करत सरकणार आणि सोडलं की जिथल्या तिथं थांबणार. हलक्या चाकाला ढकलून सोडलं तर ते थोडं पुढं जाऊन थांबतं. हे चिखलात रुतल्यासारखं थांबत होतं.

म्हणजे दोष दोन होते, आणि आम्ही तीन वर्षं दोन्हींवर एकच औषध करत होतो.

रॅक

हेराल्डवर काम करणं सुखाचं आहे, कारण बॉनेट मडगार्डांसकट सगळं पुढं कलतं. १९५९ मध्ये ट्रायम्फनं ही गाडी काढली तेव्हाची ही रचना, आणि मद्रासला १९६१ पासून बनू लागलेल्या आपल्या हेराल्डलाही तीच. बॉनेट उघडून पुढच्या टायरवर चक्क बूड टेकून बसायचं आणि काम करायचं. रॅक रेडिएटरच्या मागं, चेसिसच्या पुढच्या आडव्या भागावर, डोळ्यांसमोर. दोन्ही टोकांना घड्या घड्यांचे रबरी बूट.

आमचा डावा बूट एका घडीत उभा फाटला होता. वरून दिसत नव्हतं. घडी बोटांनी फाकवल्यावर आतून तांबडी पेस्ट बाहेर आली. खानापूर, जांबोटी, चोर्ला या भागात पावसाळ्यात गाडी फिरली की ती लाल माती सगळीकडं जाते, आणि ग्रीसमध्ये मिसळली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखी वागते. चिकोडी-संकेश्वरकडचे लोक ऊसाच्या हंगामात ट्रॅक्टरनी रस्त्यावर आणलेल्या काळ्या राबड्यातनं गाडी नेतात, त्यांचंही हेच होत असणार.

उजव्या बाजूचा बूट फाटलेला नव्हता, पण फुग्यासारखा टम्म होता. दाबून बघितला तर आत ग्रीसच ग्रीस. ग्रीस जास्त झालं म्हणून काय बिघडतं असं आम्हीच म्हणायचो, त्याचं उत्तर इथं मिळालं. रॅक डावीकडे गेला की एका बुटाची घडी मिटते, दुसऱ्याची उघडते. मिटणाऱ्या बुटातली हवा रॅकच्या नळीतून दुसरीकडं जायला हवी. नळीत ग्रीस ठासून भरलं असेल तर हवा जाणार कुठून? मग एक बूट फुगतो, दुसरा आत ओढला जातो, आणि कधीतरी घडीत फाटतो. फाटला की पाणी, माती. आतलं ग्रीस खराब झालं म्हणून पुन्हा ग्रीस. आमचं हे चक्र तीन वर्षं चाललं होतं. टोकाला जाताना स्टीअरिंग घट्ट व्हायचं ते या कोंडलेल्या ग्रीसमुळंही.

पुस्तकात या रॅकसाठी १२,००० मैलांतून एकदा, ग्रीस गनचे पाचच स्ट्रोक असं आहे. १२,००० मैल म्हणजे सुमारे १९,००० किलोमीटर. आमची गाडी वर्षाला दीड हजार किलोमीटर चालते. हिशेब तुम्हीच करा; आम्ही दर दिवाळीला अर्धी गन रिकामी करत होतो.

साफसफाई अशी केली. दोन्ही बुटांच्या पट्ट्या काढल्या, बूट मागं सरकवले. स्टीअरिंग एका टोकाला नेऊन रॅकचे उघडे दात चिंधीनं पुसले, मग दुसऱ्या टोकाला नेऊन तिकडचे. जिथं चिंधी पोचत नाही तिथं रॉकेल लावलेला जुना टूथब्रश. रॉकेल किंवा पेट्रोल रबराला लागू देऊ नका, ते फुगतं. जुनं ग्रीस निम्मी वाटी निघालं. रंग पहिल्या वाफेच्या काकवीसारखा आणि त्यात चमचम. ती झिजलेल्या धातूची चमचम बघून पोटात गोळा येतो, पण दात तपासले तर मधल्या चार-पाच दातांवरच थोडी झीज होती, बाकी धारा शाबूत.

त्यानंतर ग्रीस. आपल्याकडं गावोगावच्या ऑटो दुकानात "ग्रीस द्या" म्हटलं की एपी थ्री पुढं येतं. ते बेअरिंग आणि ट्रेलरच्या हबसाठी चांगलं, पण रॅकला फार घट्ट. आपसूक पसरत नाही, पिनियननं बाजूला सारलं की तिकडंच राहतं. लिथियमचं, एनएलजीआय २ ग्रेडचं (ही ग्रेड म्हणजे ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा) मल्टिपर्पज घ्या. डब्यावर ग्रेड छापलेली असते, वाचून घ्या. दुकानदार "सगळं एकच हो" म्हणेल, तरी वाचा.

दातांवर बोटानं पातळ थर, आतल्या बॉल जॉइंटवर थोडं, बुटात काहीही भरायचं नाही. मग पिनियनच्या हाउसिंगवरचं मोठं षटकोनी टोपण शोधा. त्याच्या मधोमध छोटा प्लग असतो. तो काढून त्या जागी ग्रीस निप्पल लावा, गनचे पाच स्ट्रोक द्या, निप्पल काढून प्लग परत. निप्पल घेताना एक लक्षात ठेवा, या गाडीचे आटे इंची, यूएनएफ. मेट्रिक निप्पल दोन आटे खुशाल जातं आणि मग टोपणाचे आटे खाऊन टाकतं. आमच्या टोपणावर कुणीतरी हा पराक्रम आधीच केला होता. उद्यमबागेतल्या एका लेथवाल्यानं तिथं बुश टाकून नवे आटे पाडून दिले, अर्ध्या तासात. बेळगावात राहण्याचा हा एक फायदा: फाउंड्री, लेथ, हायड्रॉलिकवाले एवढे की असली छोटी कामं चहा पिऊन होईपर्यंत होतात.

ग्रीस दिल्यावर बूट बसवायच्या आधी स्टीअरिंग दहा-बारा वेळा पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. बुटाची पट्टी आवळताना चाकं सरळ ठेवा आणि बूट पिळलेला नाही ना ते घडी मोजून बघा. पिळलेला बूट चार महिन्यांत फाटतो.

टोपण उघडलंच आहे म्हणून त्याखालच्या शिमला हात लावावा का? माझं मत, लावू नये. टोपणाखाली स्प्रिंग आणि एक दट्ट्या असतो, तो रॅकला पिनियनवर दाबून धरतो. दाब किती हे शिमच्या पातळ चकत्या ठरवतात. रॅक खडखडतो म्हणून लोक एक-दोन शिम काढून टाकतात. रॅक नेहमी मधोमध झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मध्यावर घट्ट केलं की झीज नसलेल्या टोकाच्या दातांवर तो जॅम होणार. आमच्या गाडीतही कुणीतरी एक शिम काढलेली असावी. रॅक साफ केल्यावरसुद्धा टोकाला किंचित घट्टपणा राहिला होता, एक पातळ शिम परत घातली तेव्हा गेला. थोडा खडखडाट चालेल, टोकाला अडकणारं स्टीअरिंग चालत नाही. चोर्ला घाटातल्या वळणावर ते अडकलं तर काय होईल याचा विचार मी मुद्दाम करत नाही.

ट्रनियन, म्हणजे खरा चोर

रॅकचं काम झाल्यावर टाय रॉड अजून सुटेच होते. उजवं चाक ढकललं, पुन्हा कर्र.

हेराल्डच्या पुढच्या चाकाला वर बॉल जॉइंट असतो आणि खाली पितळी ट्रनियन. मधल्या उभ्या लिंकचं खालचं टोक म्हणजे चक्क स्क्रू. तो ट्रनियनमध्ये आट्यांनी बसतो आणि स्टीअरिंग फिरवलं की त्या आट्यांतच फिरतो. स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकते, म्हणून पुढच्या बाजूचं वजन याच आट्यांवरून चाकात उतरतं. त्यात ही गाडी २५ फुटांच्या वर्तुळात अख्खी फिरते. खडे बाजारात पार्किंगमधून बाहेर काढताना बघे तोंडात बोट घालतात, पण त्यासाठी चाकं एवढी तिरकी होतात की हा स्क्रू इतर गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त फिरतो. वजन खांद्यावर घेऊन पितळेत घासणारं लोखंड. त्याला आट्यांच्या तळापर्यंत झिरपणारं काहीतरी हवं. तेल झिरपतं. ग्रीस वरच्या दोन आट्यांत जाऊन बसतं, त्यातलं तेल सुकतं, मागं ग्रीसला घट्टपणा देणारा साबण उरतो आणि तो खाली जाणारी वाट बुजवतो. पुढच्या वेळी गन दाबली की नवं ग्रीस वरच्या वर बाहेर येतं, आणि दाबणाऱ्याला वाटतं भरलं.

पहिले दोन आठवडे गाडी हलकी का व्हायची, ते हे. वरच्या आट्यांना ताजं ग्रीस मिळायचं. खालचे आटे मात्र तीन वर्षं कोरडे, आणि पावसाचं पाणी थेट त्यांच्यावर.

उद्यमबागेतल्या त्याच लेथवाल्या मामांना मी टोपण द्यायला गेलो होतो, तेव्हा सहज गाडीचं नाव सांगितलं. साठी ओलांडलेला माणूस, तरुणपणी त्यांनी हेराल्डवर काम केलेलं. मी ट्रनियन म्हणताच चष्मा कपाळावर चढवला नि म्हणाले, "अदक्क ग्रीस ब्याडरी, ऑइल हाकरी." ग्रीस नको, तेल घाला. मग मराठीत आले, "आणि आधी काढून बघ. नुसतं तेल घालून गप बसू नकोस. आत गंज असला तर चाक निसटतंय."

काढलं. चाक, ब्रेक बाजूला केले, खालच्या आर्ममधला बोल्ट काढला आणि ट्रनियन लिंकवरून फिरवून उतरवला. दोन्ही बाजूंचे आटे एकसारखे नसतात, एका बाजूचे उलटे, त्यामुळे डाव्या-उजव्याची अदलाबदल करू नका आणि सैल करताना दिशा समजून घ्या, जोर लावून नव्हे. वरच्या आट्यांत मेणासारखं काळं घट्ट ग्रीस, नखानं खरवडलं तर वड्या निघाल्या. खालचे आटे तपकिरी, कोरडे. बोट फिरवलं तर बोटाला गंजाची पूड लागली. ट्रनियनच्या तळाशी चमचाभर गढूळ पाणी.

इथं एक गोष्ट ठासून सांगतो. गंजलेल्या लिंकवर तेल घालून गाडी हलकी झाली तरी ती चालवू नका. लिंक मोडते ती याच आट्यांपाशी, गंजाच्या खड्ड्यातून चीर पडून. मोडली की चाक आडवं होतं आणि गाडीचं नाक रस्त्यावर टेकतं. आटे रॉकेलनं धुऊन, वाळवून, उन्हात भिंगाखाली बघा. खड्डे, चीर, झिजून टोकदार झालेले आटे, यांपैकी काहीही दिसलं तर लिंक आणि ट्रनियन दोन्ही बदला. नवी लिंक जुन्या ट्रनियनमध्ये घालू नका. आणि लिंक लेथवर बनवून घेण्याचा मोह टाळा. बेळगावात बनवून देणारे मिळतील, सुबक बनवतील, पण मूळ लिंक घडाईची असते. बारमधून कातलेल्या तुकड्यावर पुढच्या चाकाचा भरवसा मी ठेवणार नाही. ट्रायम्फचे हे सुटे भाग इंग्लंडमध्ये अजून नवे मिळतात. आमची उजवी बाजू तिकडून मागवली, डावी धुऊन परत बसवता आली. पार्सल येईपर्यंत गाडी घोड्यांवर, आणि दिवाळीला पाहुणे येऊन तिला विचारून गेले.

बसवताना आट्यांना हातानं ९० नंबरचं तेल लावा, लिंक शेवटपर्यंत घट्ट फिरवा आणि मग चाक दोन्ही टोकांपर्यंत मोकळं वळेल इतकी मागं घ्या. पूर्ण आवळून ठेवली तर टोकाला जाऊन तळाला टेकते आणि तिथंच ताण येतो. वरचं रबरी सील नवं घाला, जुनं पाणी आत सोडतं.

तेल भरायला वेगळी गन ठेवा. जुनी ग्रीस गन रॉकेलनं स्वच्छ धुऊन तिच्यात तेल भरलं तरी चालतं. ती गळते, हात बरबटतात, खाली वर्तमानपत्र अंथरा. ट्रनियनचा प्लग काढून निप्पल लावा, चाक उचललेलं ठेवा म्हणजे आट्यांवरचं वजन जातं, आणि गन दाबत राहा. वरच्या सीलपाशी तेल झिरपून दिसलं की झालं. दहा-पंधरा वेळा दाबूनही आलं नाही तर वाट बुजलेली आहे. पुन्हा उघडा. माझ्या त्या गनवर मी लाल रंगानं "तेल" लिहून ठेवलंय, आणि गॅरेजला गाडी गेली की दोन्ही ट्रनियनची निप्पल काढून प्लग लावूनच पाठवतो. निप्पल दिसलं की मेकॅनिकचा हात गनकडं जातोच, त्याला दोष देऊन उपयोग नाही.

पुस्तकात ट्रनियनला ६,००० मैल म्हणजे सुमारे ९,६०० किलोमीटर दिलेत. ते रोज चालणाऱ्या गाडीसाठी. आपल्या गाड्या शेडमध्ये जास्त आणि रस्त्यावर कमी, पण पाऊस मात्र पूर्ण खातात. मी किलोमीटर सोडून दिले. मे महिन्यात वळीव पडायच्या आधी एकदा, आणि खंडेनवमीला गाडी धुऊन पूजा करायची असतेच, तेव्हा हार घालायच्या आधी एकदा.

हॉर्नचं एक

सगळं जोडलं, गाडी बाहेर काढली, स्टीअरिंग खरोखर एका हातानं फिरलं. पहिल्या गेटपाशी एक म्हैस आडवी आली, हॉर्न दाबला तर शांतता. घरी येऊन फ्यूज, वायर, हॉर्न, सगळं तपासण्यात दोन तास गेले. कारण फालतू निघालं. या गाडीत हॉर्नचं अर्थिंग स्टीअरिंग कॉलममधून होतं, आणि कॉलम व रॅकच्या मध्ये रबरी कपलिंग असल्यानं तिथं अर्थिंगची एक छोटी पट्टी ओलांडून द्यावी लागते. कपलिंगचा बोल्ट काढताना मी ती बाजूला केली होती आणि परत बसवलीच नाही. रॅकचं काम केल्यावर हॉर्न गेला तर आधी तिथं बघा.

आणि चाकं जमिनीवर टेकल्यावर स्टीअरिंगचा आडवा दांडा तिरका दिसत असेल, तर टाय रॉड पिळत बसू नका. कपलिंग एखादा दात पुढं-मागं बसलं असेल. रॅक मध्यावर आणून कपलिंग पुन्हा लावा. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या, पण करणाऱ्याला सांगा की पुढची चाकं जवळपास समांतरच हवीत, किंचितच आत. आजच्या गाडीचे आकडे यात टाकू नका.

हे काम करून दोन पावसाळे झाले. स्टीअरिंग हलकं आहे, वळणानंतर आपसूक सरळ येतं. रॅकला परत हात लावलेला नाही, बूट तेवढे दर मे महिन्यात घडी फाकवून बघतो. ट्रनियनमधून तेल थोडं गळतं. शेडमधल्या फरशीवर दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला एकेक डाग पडतो, म्हणून घरच्यांच्या बोलण्याला कंटाळून तिथं पुठ्ठा टाकलाय. मला तो डाग बरा वाटतो. पुठ्ठ्यावर नवा डाग पडायचा थांबला की मी लाल रंगाची गन काढतो.